वाम माशाचं पुढे काय झालं

आजवर माझ्या हातून एकच पँट खालून शिवून बंद झाली. त्यात दोष माझा नाही, देवमाशाचा आहे.

झालं असं. मी मशीनवर टोपीवाल्या आजोबांच्या पँटची लांबी कमी करत होते. हे आजोबा आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. ऊन असो, थंडी असो, डोक्यावरची टोपी काही उतरत नाही. शेजारच्या स्टुलावर माझी सून पुस्तक घेऊन बसली होती आणि इंग्रजीतला परिच्छेद वाचून मला मराठीत सांगत होती. ती म्हणाली, "आई, देवमासा खोल बुडी मारतो ना, तेव्हा त्याचं हृदय इतकं सावकाश चालतं की एका ठोक्यानंतर दुसरा पडेपर्यंत आपली पाच-सहा वाक्यं बोलून होतील."

"काहीतरीच!" मी म्हटलं.

"लिहिलंय इथे."

मी एक हात माझ्या छातीवर ठेवला, दुसऱ्या हाताने कापड पुढे सरकवलं, आणि पँटचा पाय पिशवीसारखा शिवला गेला. दुसऱ्या दिवशी आजोबा पडद्यामागे पँट घालून बघायला गेले ते बाहेरच येईनात. नुसता धडपडल्याचा आवाज. मी विचारायला गेले तर एका पायावर उभे राहून भिंतीला धरून हसत होते. बिचारे भले गृहस्थ म्हणून निभावलं.

आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला मोठी काच, काचेशी मशीन, भिंतीला उभा आरसा, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा. नवीन कपडे मी शिवत नाही. लांबी कमी कर, कंबर सैल कर, चेन बदल, अस्तर लाव, अशी कामं. गिऱ्हाइकांशी बोलण्यापुरतं इंग्रजी मला येतं. शॉर्ट, लाँग, टाइट, लूज आणि सॅटर्डे. एवढ्यावर इतकी वर्षं धंदा केला. बाकीचं टाचण्या बोलतात.

सुनेचं मात्र एवढ्यावर भागणारं नव्हतं. आम्ही आधी राहायचो तिथे ती बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. माझ्या लेकाचं काम इकडे निघालं म्हणून सगळे इकडे आलो, आणि इकडे तिचा तिकडचा कागद चालेना. आधी इंग्रजीची परीक्षा पास व्हा, मग बघू, असं उत्तर आलं. तोवर हातावर हात धरून बसायचं कसं, म्हणून तिने वृद्धाश्रमात काम धरलं. चादरी बदलायच्या, ताटं उचलायची, फरशी पुसायची. एकदा तिथल्या एका म्हातारीचा चेहरा बघून हिने पटकन तिची नाडी धरली. मोठ्या नर्सबाई आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ते तुझं काम नाही. तुझा हात मॉपवर." त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. मला कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायला जाऊ तर बोलू कशात? शॉर्ट, लाँग, टाइट, लूज?

आणि त्यात घोडं अडलं होतं ते मुदतीपाशी. तिची तिकडची नर्स म्हणून असलेली नोंद वर्षअखेरीपर्यंतच धरली जाणार होती. त्याआधी परीक्षेची एकच तारीख शिल्लक होती. ती हुकली की सगळं शिक्षण पहिल्यापासून. पोरगी चाळिशीला टेकलेली, घरात मी म्हातारी, लेक मालाची गाडी चालवणारा. पहिल्यापासून म्हणजे कधीच नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं.

लेक बिचारा पहाटे गाडीवर जातो आणि दुपारी येऊन झोपतो. तिने त्याच्यापुढे पुस्तक उघडलं की दुसऱ्या ओळीला हा घोरायला लागायचा. शेवटी ती माझ्याकडे आली. "आई, तुम्ही मला प्रश्न विचाराल का? मी परिच्छेद वाचून मराठीत सांगते. समजलाय की नाही ते मला कळेल."

मी म्हटलं, "मला कुठलं येतंय इंग्रजी?"

"प्रश्न विचारता येतात ना?"

आता सासूला हे विचारायचं असतं का! खरं सांगायचं तर तोवर आमच्या दोघींचं फार गूळपीठ नव्हतं. भांडण नाही, पण बोलणंही कामापुरतं. भाजी आणली का, किल्ली कुठे आहे, एवढंच. ती शांत, मी फटकळ. ती गप्प बसली की मला वाटायचं हिला गर्व आहे, आणि मी बोलले की तिला वाटत असणार हिला तोंड आहे. दुसरं खरंच होतं.

तर अशी ती दुपारची शाळा सुरू झाली. आधी व्याकरण. गाळलेल्या जागा भरा. मी म्हटलं, "बरी रीत आहे, आधी भोकं पाडायची आणि मग दुसऱ्याला रफू करायला सांगायचं." कुठे 'अ' लावायचा, कुठे 'द' लावायचा आणि कुठे काहीच लावायचं नाही, यावरून ती डोकं धरून बसायची. काळ तर विचारूच नका. होऊन गेलेलं, होत आलेलं, होऊन गेलेल्याच्याही आधी होऊन गेलेलं. काळाला एवढ्या घड्या घालणारे लोक मी तोवर पाहिले नव्हते. ती त्या घड्या एकेक करून उलगडायची, पुन्हा घालायची, चुकली की ओठ चावायची आणि परत पहिल्यापासून. कामावरून कंबर मोडून आलेली बाई हे कुठल्या बळावर करते, याचं मला नवल वाटायला लागलं.

मग परिच्छेद. आणि तिथे माझी विकेट गेली.

मला आपलं वाटलेलं, परीक्षेचं पुस्तक म्हणजे सुविचार असतील, राजा-राणी असेल. छे! एक पक्षी समुद्रावरून निघतो तो रात्रंदिवस उडत राहतो, कुठेही टेकत नाही, आणि निघण्याआधी स्वतःची आतडीसुद्धा आटवून घेतो, वजन नको म्हणून. एक अख्खं जंगल आहे, डोंगरभर झाडंच झाडं, आणि जमिनीखाली बघावं तर मूळ एकच, म्हणजे झाड एकच. आपण आकाशात बघतो ते कित्येक तारे, बघतो तेव्हा तिथे असतीलच असं नाही, आपल्याकडे फक्त निघालेला उजेड पोचतो. मी तोंडात बोटं घातली. इतकी वर्षं या खोलीत बसून मी कंबरा सैल करत होते आणि बाहेर एवढं सगळं चाललं होतं! कुणी मला सांगितलंच नव्हतं.

सून सांगायची, मी टीप मारायचे. आणि काही भारी आलं की माझा पाय आपोआप पायडलवरून उचलला जायचा, मशीन थांबायचं. मला ते कळलंही नव्हतं, तिनेच एकदा सांगितलं. "आई, मशीन थांबलं की मला कळतं, मी नीट सांगितलंय." त्यानंतर ती मशीन थांबवायच्या इराद्यानेच सांगायला लागली. चढत जायची, मुद्दाम रेंगाळायची, नेमक्या जागी गप्प व्हायची. ही मुखदुर्बळ पोरगी! मी बघतच राहायचे.

फक्त एका गोष्टीची मला भयंकर चीड यायची. हे परिच्छेद मध्येच संपायचे. पक्षी समुद्रावर अर्ध्या वाटेत, आणि खाली लगेच प्रश्न पहिला, प्रश्न दुसरा. मी म्हणायचे, "अगं, पण पोचला का तो?"

"ते दिलेलं नाही, आई."

"दिलेलं नाही म्हणजे? माणसाला जेवायला बसवायचं आणि ताट उचलायचं? तू सांग पुढचं."

मग ती हसून पुढचं सांगायची. आधी नुसतंच, मला गप्प करायला. पुढे पुढे मन लावून. आमची रीतच पडून गेली. परिच्छेद पुस्तकाचा, शेवट सुनेचा. एकदा दीपगृहाच्या राखणदाराचा परिच्छेद आला. दिवा आता यंत्राने आपोआप लागणार होता, म्हणून राखणदाराला निघायला सांगितलं, पण तो आणखी काही दिवस तिथेच राहिला. पुस्तकात लिहिलं होतं, वादळामुळे न्यायला होडी आली नाही. मी म्हटलं, "होडीचं निमित्त गं. इतकी वर्षं ज्या दिव्याला जपलं, त्याला एकटं सोडून पाय निघेल का?" सुनेचे डोळे भरून आले. "हो ना," ती म्हणाली.

आणि त्या होडीनेच आम्हाला बुडवलं. ती क्लासला जायची तिथे सराव परीक्षा झाली. नेमका तोच परिच्छेद. राखणदार का थांबला? हिने लिहिलं, त्याला दिव्याला सोडून जाववेना. दुसऱ्या परिच्छेदातही तसंच, मनाचं. वाचनात सपशेल नापास. क्लासच्या बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमची उत्तरं वाचून मला रडू आलं. पण ती परिच्छेदात नाहीत. परीक्षेत रडवणाऱ्याला मार्क नाहीत."

ती घरी आली, पुस्तक ठेवलं आणि मॉप धुवावा तशी निमूट भांडी घासायला लागली. मी मशीनपाशी बसून राहिले. मला सगळं लख्ख दिसलं. पोरीची नर्सगिरी पणाला लागलेली आणि मी तिला गोष्टी सांगायला लावत होते. हौस माझी आणि फास तिला.

मग माझं डोकं सटकलं. मी टाचण्यांची उशी उचलली, स्वयंपाकघरात गेले आणि तिच्यासमोर ठेवली. "हात पूस. आजपासून उत्तर तोंडाने द्यायचं नाही. ज्या ओळीत उत्तर असेल तिथे टाचणी टोचायची. टाचणी टोचायला जागा नसेल तर ते उत्तर नाही."

"आई, तुम्हीच म्हणाला होतात की होडीचं निमित्त..."

"मी म्हटलं असेल. मला कुठे नर्स व्हायचंय? माणसाच्या पोटात काय आहे ते तुला कळतं, ते मला माहीत झालंय. पण त्यांना ओठांतलं हवंय. ओठांतलं दे."

असा आमचा दुसरा अध्याय सुरू झाला, कोरडाठाक. ती वाचायची, सांगायची, मी प्रश्न विचारायचे, ती टाचणी टोचायची. जिथे तिथे मी म्हणायचे, "दाखव कुठे लिहिलंय." मला अक्षर वाचता येत नव्हतं, पण टाचणी टोचताना हात अडखळला तर शिवणाऱ्या बाईला ते कळतं. हात अडखळला की मी म्हणायचे, "उपट. पुन्हा शोध." पुस्तकाची पानं उजेडात धरली तर चाळणी झालेली. आणि पुढे काय झालं हे मी एकदाही विचारलं नाही. जीभ दाताखाली धरून बसायचे. तिनेही सांगितलं नाही.

परीक्षा तोंडावर आली आणि त्याच सुमारास तो वामेचा परिच्छेद आला.

वाम तुम्हाला माहीत असेल, सापासारखी लांबडी. इंग्रजीत ईल म्हणतात. नदीत, तळ्यात, चिखलात राहते. वर्षानुवर्षं राहते. लोकांना वाटतं, हीच तिची जागा, चिखलातलीच ही. आणि एक दिवस तिच्यात काहीतरी जागं होतं. पिवळट मळकट अंग रुपेरी व्हायला लागतं. डोळे मोठे होतात, कारण आता अंधाऱ्या खोल पाण्यातून जायचं असतं. खाणं बंद. वाटेत बांध आला, तर ओल्या गवतातून सरपटत जमिनीवरून जाते, पण जाते. नदीतून समुद्रात आणि मग सगळा महासागर ओलांडून एका जागी, जिथे ती जन्मली होती. तिथून पुढे तिची पोरं निघतात, काचेसारखी आरपार दिसणारी, बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि कधी न पाहिलेल्या नद्यांकडे परत येतात. "पण," सून म्हणाली आणि थांबली.

मशीन केव्हाच थांबलं होतं.

"पण त्या जागी नेमकं काय होतं, हे आजवर एकाही माणसाने पाहिलेलं नाही. जाळी टाकली, बोटी पाठवल्या, शोधणाऱ्यांचे जन्म गेले. अंडी घालताना वाम कुणालाच दिसली नाही." तिने पुस्तक मिटलं. "इथेच संपतं."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या, काचेत त्यांचे दिवे हलत होते आणि मला वाटत होतं, आपण त्या काळ्या पाण्याच्या काठावर उभे आहोत. माझ्या ओठांवर आलं होतं, मग काय होत असेल गं तिथे? सून माझ्याकडे बघत होती. ती वाट बघत होती हे मला स्पष्ट दिसत होतं. तिच्याकडे शेवट तयार होता, तेही दिसत होतं.

मी कापड सरळ केलं आणि म्हटलं, "टाचणी टोच."

परीक्षेच्या दिवशी मी दुकानाच्या काचेवर 'सॅटर्डे', म्हणजे आता शनिवारी या, अशी पाटी लावली आणि तिच्याबरोबर गेले. एका जुन्या शाळेची इमारत होती. सकाळी संगणकावर वाचायची आणि लिहायची परीक्षा. मी बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर. ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक. मी विचारलं, "टाचण्या?"

"मनातल्या मनात टोचल्या. सगळ्या लागल्या असं वाटतंय. एकीला हात अडखळला होता, उपटून परत लावली." मग हळूच म्हणाली, "आई, बोलायचं उरलंय. तिथे टाचणी कुठे टोचू?"

मी तिची कॉलर नीट केली.

बोलायची परीक्षा व्हरांड्याच्या टोकाच्या लहान खोलीत होती. दाराला वर झडप होती, ती नीट लागत नव्हती, त्यामुळे आतलं सगळं ऐकू यायचं. एक परीक्षक बाई प्रश्न विचारायच्या, समोरचा बोलायचा आणि बाई सतत संगणकावर टकटक करत असायच्या. सुनेच्या आधी बरेच जण आत जाऊन आले. कुणी भडाभडा बोललं, कुणी अडखळलं, पण ती टकटक एकसारखी चालूच. माझ्या मशीनवर लांब पडदा शिवताना चालते तशी. कामावरचा माणूस आहे हे मला आवाजावरून कळलं. आला कपडा, मारली टीप, घडी घाल, पुढचा.

सून आत गेली. पहिल्या दोन-चार उत्तरांना तिचा आवाज इतका बारीक की टकटकच जास्त ऐकू येत होती. ती अडखळली. परत सुरू झाली. परत अडखळली. मी खुर्चीच्या कडेवर सरकले. मनात म्हटलं, बोल गं बाई, कुणाची चोरी केलीयस? वृद्धाश्रमातला तो मॉप तिच्या आवाजात शिरला होता. वाटलं, संपलं. गेली हिची नर्सगिरी, या दाराआड, माझ्या कानांदेखत.

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. मग सुनेने एक लांब श्वास घेतला, आणि मला एकच शब्द ओळखीचा ऐकू आला. ईल.

मी ताठ बसले.

मला इंग्रजी येत नाही हे मी आधीच सांगितलंय. पण ती गोष्ट मला येत होती. आवाज खाली उतरला तेव्हा मला चिखल दिसला. जरा वर आला तेव्हा अंग रुपेरी झालं. ती रेंगाळली तेव्हा मी ओळखलं, आता ओलं गवत. मग आवाज लांबच लांब पसरला आणि तो समुद्र होता. एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता आणि मी एकाही पावलाला मागे राहिले नाही. आणि ती बोलत होती कशी! माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून बोलते तशी, मशीन थांबवायला.

टकटक सावकाश झाली. एक टक. बऱ्याच वेळाने आणखी एक. त्या देवमाशाच्या काळजासारखी.

आणि थांबली.

मी तोंडावर हात धरला. आत फक्त माझ्या सुनेचा आवाज होता. शेवटी ती नेमक्या जागी गप्प झाली, मलाही माहीत असलेल्या जागी. कुणीच पाहिलेलं नाही, तिथे. मग बाईंनी एक लहानसा प्रश्न विचारला. आवाज वेगळाच, मघाचा नव्हेच. सून बोलायला लागली, आणि आता ती काय बोलत होती ते मला माहीत नव्हतं. हा तिचा शेवट होता. मी दाताखाली धरून ठेवलेला. तो ती एका परक्या बाईला सांगत होती आणि मी दाराबाहेर बसून ऐकत होते, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. पण माझे डोळे वाहत होते. समोर बसलेल्या मुलीने मला रुमाल दिला.

बाहेर आल्यावर आम्ही बसथांब्यावर येईपर्यंत मी दम धरला. मग मला राहवेना. "काय विचारलं गं त्यांनी?"

"वाचलेल्यातलं काही सांगा, थक्क करणारं."

"ते नाही. शेवटी काय विचारलं?"

"म्हणाल्या, हे माझ्या कागदावर नाही, पण मला ऐकायचंय. तुम्हाला काय वाटतं, तिथे काय होत असेल?"

"आणि तू सांगितलंस? परत पोटातलं बोललीस?" मला एकदम धसकाच बसला.

"आई," ती म्हणाली, "पोटातलंच विचारलं होतं."

बस येऊन गेली. आम्ही चढलोच नाही. मी म्हटलं, "मग मलाही सांग. मी कधीची थांबलेय."

तिने पिशवी मांडीवर घेतली. "मी म्हटलं, तिथे काहीच नवीन होत नसेल. नदीत तिला सगळे चिखलातला मासा म्हणतात. इतकी वर्षं ऐकून ऐकून तीसुद्धा तसंच म्हणत असेल. पण आतून तिला माहीत असतं आपण कोण आहोत. ती फक्त तिथे जाते, जिथे ते परत खरं होतं. आणि बघायला कुणी नसतं, कारण तिला ते कुणाला दाखवायचंच नसतं. तिला फक्त पोचायचं असतं."

मी तिचा हात धरला, ज्या हाताने ती नाडी बघते तो, आणि पुढची बस येईपर्यंत सोडला नाही. इतकी वर्षं ही माझ्या घरात चपात्या लाटत होती. मला वाटायचं, गप्प आहे.

निकाल लेकाच्या फोनवर आला. तो दुपारचा झोपेतून उठून चड्डीवरच दुकानात धावत आला, आणि मला वाटलं आग लागली. वाचनात काठावर पास, लिहिण्यात बऱ्यापैकी. बोलण्यात मात्र असे मार्क की लेक म्हणाला, "हिला एवढं बोलता येतं, मग माझ्याशी का बोलत नाही?" मी म्हटलं, "तू जागा असतोस का?"

मग कागदपत्रं, फेऱ्या, इस्पितळाचं बोलावणं, आणि एक दिवस नर्सचा पोशाख घरी आला. तयार पोशाख, खांद्यात ढगळ, लांबीला जास्त. तिला आरशासमोर उभं केलं आणि मी खाली बसून टाचण्या लावायला लागले. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर मी काय काय बोलले असते कोण जाणे. ती आरशात स्वतःकडे बघत होती. हलत नव्हती. मी वर बघितलं तर तिचे डोळे खरंच मोठे झालेले वाटले.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. टोपीवाले आजोबा. हातात कोट, बटण तुटलेलं. ते आत आले, तिला बघितलं आणि दारातच थांबले. इतके दिवस स्टुलावर पुस्तक घेऊन बसलेली बाई त्यांनी पाहिली होती. त्यांनी तिच्याकडे बोट करून माझ्याकडे प्रश्नार्थक बघितलं.

मी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिले. माझ्या आयुष्यात मी इंग्रजीतलं अख्खं वाक्य बोलले नव्हते. शॉर्ट, लाँग, टाइट, लूज, सॅटर्डे. ते सगळं बाजूला ठेवलं.

"शी इज नर्स," मी म्हटलं. आजोबांनी मान हलवली. पण मला ते पुरेसं वाटेना. त्यांना वाटेल, आता झाली. मी हात हवेत मागे, पार मागे नेला आणि म्हटलं, "बिफोर ऑल्सो."

"आई," आरशातून सून हसत म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, "व्याकरण!"

"व्याकरण गेलं खड्ड्यात," मी म्हटलं. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली.